शॉवरच्या भिंतीला जुनं सागवान लावायचं असेल तर

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही वेगळं समजलो असेन तर लगेच कळेल. जुन्या घराच्या तुळया आणि दारं चिरून तुमच्याकडे सागवानाच्या फळ्या निघाल्या आहेत, साधारण २० मिलिमीटर जाड. बाथरूम नव्याने करताय आणि शॉवरच्या तिन्ही भिंतींवर टाइलऐवजी याच फळ्या हव्या आहेत. सुतार म्हणतो, सागवान आहे, वरून मरीन वॉर्निशचे, म्हणजे बोटींसाठीच्या वॉर्निशचे, चार हात मारले की चिंता नाही. प्लंबर म्हणतो, दोन वर्षांत कुजेल. आणि तुम्ही विचारलंय की यासाठी सगळ्यात चांगलं कोटिंग कोणतं.

मी कोटिंगपासून सुरुवात करणार नाही. ओल्या जागेतल्या लाकडाचं काम मी बरीच वर्षं करतोय. बिघडलेली कामं उघडली की वरचा थर कोणत्या कंपनीचा होता यानं फारसा फरक पडलेला दिसत नाही. फरक पडतो तो फळीच्या मागे हवा होती की नव्हती, यानं. लाकूड भिजणारच आहे. आज भिजलेली फळी पुढच्या आंघोळीपर्यंत दोन्ही बाजूंनी वाळणार का, हा खरा प्रश्न. तो सुटला तर सागवान खूप वर्षं टिकतं. नाही सुटला तर बाजारातलं सगळ्यात महाग वॉर्निशही ते वाचवू शकत नाही.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढे सुताराशी बोलताना निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. लाकडातली ओल टक्क्यांत मोजतात. खोलीतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड ९ टक्के ओलीच्या आसपास स्थिरावतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर राहिली की तेच लाकूड १७-१८ टक्क्यांकडे सरकतं. ३० टक्क्यांच्या आसपास तंतूंच्या भिंती पाण्यानं पूर्ण भरतात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण इतकीच ओल लागते, आणि तीही टिकून राहिलेली. २० टक्क्यांच्या खाली लाकूड कुजत नाही. म्हणजे रोज वीस मिनिटं भिजून नंतर वाळणारं लाकूड कुजण्याच्या पातळीपर्यंत पोचतच नाही. पोचते ती फळीची मागची बाजू, जिथे एकदा शिरलेलं पाणी आठवडाभर बाहेर पडत नाही. प्लंबरनं कुजलेली कामं पाहिली असतील ती याच प्रकारची असणार, त्यामुळे त्याची भीती खोटी नाही. सौना, म्हणजे घाम काढण्यासाठीची लाकडी गरम खोली, घ्या. तिथल्या आतल्या लाकडाला बहुतेक वेळा कसलंच कोटिंग नसतं. वाफ होते, पाणी शिंपडलं जातं, तरी लाकूड टिकतं, कारण उष्णता आणि हवा ते रोज कोरडं करतात.

पृष्ठभागावरची काळी-हिरवी बुरशी हा वेगळा प्रकार आहे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर रेंगाळली की ती येते, साबणाच्या आणि अंगावरच्या तेलाच्या पातळ थरावर वाढते. तिनं लाकडाची ताकद जात नाही, पण बाथरूम घाण दिसतं आणि वास येतो. तिचा उपाय म्हणजे वायुवीजन, त्याबद्दल पुढे.

आता जुन्या लाकडाची खास अडचण. लोकांना ते कशासाठी हवं असतं? करडा रंग, उठलेल्या रेषा, उन्हापावसानं आलेला खडबडीतपणा. पण तो करडा थर म्हणजेच त्या फळीचा सगळ्यात कमजोर भाग. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना एकमेकांना धरून ठेवणारा घटक, तुटलेलं असतं आणि वरचे तंतू सुटे झालेले असतात. नखानं खरवडलं तर लोकरीसारखे निघतात. हा थर पाणी पटकन पितो, उशिरा सोडतो आणि त्याच्यावर मारलेलं तेल किंवा वॉर्निश त्याच्यासकट सुटून येतं. त्यामुळे जिथे थेट पाणी पडणार तिथे हा थर ठेवता येत नाही. रंध्यानं एक-दीड मिलिमीटर तासून खालचं घट्ट लाकूड गाठावंच लागतं. यानं वाईट वाटून घेऊ नका. तासल्यावरही खिळ्यांच्या खुणा, गाठी, जुन्या करवतीचे खोल वण आणि वर्षानुवर्षं मुरलेला सागवानाचा गडद तपकिरी रंग शिल्लक राहतो. करड्या रंगावरच तुमचा जीव असेल तर त्या फळ्या शॉवरच्या बाहेर, बेसिनमागच्या कोरड्या भिंतीला लावा. तिथे त्या तशाच्या तशा चालतील.

सागवान आहे असं तुम्ही म्हणताय, तरी प्रत्येक फळी तपासा. दारांच्या चौकटीत आणि फळ्यांत पूर्वीही मिश्र लाकूड वापरलं जायचं. ताजा काप घेऊन वास घ्या. सागवानाला चामड्यासारखा तेलकट वास असतो आणि कापलेला भाग हाताला किंचित मेणचट लागतो. हे अंगचं तेलकट द्रव्य सागवानाला टिकाऊ करतं, पण ते फक्त गाभ्याच्या लाकडात असतं. कडेचा फिकट पिवळट पट्टा दिसला तर तो कापून टाका. तो भाग कुजतोही आणि भुंगाही त्यातच पडतो. बारीक गोल भोकं आणि त्यातून पडणारा पिठासारखा भुसा दिसला तर ती फळी बाथरूममध्ये आणण्याआधी भट्टीत तापवून घ्या. फळीच्या मध्यभागी ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटं टिकलं की आतले किडे मरतात. बोरेक्स किंवा बोरिकचं औषध एरवी मला आवडतं, पण ते पाण्यात विरघळतं. शॉवरमध्ये ते धुऊन जाईल, त्यामुळे तिथे त्याच्यावर विसंबू नका.

दारांवर जुना तैलरंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका आणि ज्योतीनं जाळूनही काढू नका. चाचणीचं किट मिळतं, आधी खात्री करा. शिसं निघालं तर रंग ओला ठेवून किंवा रासायनिक रिमूव्हरनं काढा, तेही लहान मुलं जवळ नसताना आणि योग्य मास्क लावून. या फळ्यांत रेल्वे स्लीपरचं लाकूड मिसळलं असेल, डांबरट वास येत असेल, तर ते क्रिओसोट आहे, म्हणजे लाकूड टिकवायला पाजलेलं विषारी डांबरी तेल. ते अंघोळीच्या जागेत अजिबात लावू नका, कितीही सुंदर दिसलं तरी. हिरवट झाक असलेल्या, तांबं आणि आर्सेनिकचं औषध पाजलेल्या लाकडालाही हेच लागू.

खिळे. प्रत्येक खिळा निघालाच पाहिजे, तुटलेलं टोकसुद्धा. मेटल डिटेक्टर फिरवून बघा, नाहीतर रंध्याचं पातं जाईल आणि नंतर भिंतही बिघडेल. सागवानात आणि त्याहून जास्त ओकसारख्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आलं की निळसर काळा डाग पडतो. जुन्या काळची लिहायची शाई याच क्रियेनं बनायची, म्हणजे हा डाग किती पक्का असतो ते लक्षात येईल. जुने डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्यानं फिकट होतात. हातमोजे घालून लावा, नंतर फळी भरपूर धुवा आणि पूर्ण वाळवा. खिळ्यांची भोकं तपकिरी रंग मिसळलेल्या इपॉक्सीनं भरा. भोकं बुजवायची नेहमीची पुट्टी इथे ओलीनं फुगून निघते.

एवढं झाल्यावर फळ्या रुंदीला १०० मिलिमीटरपर्यंतच चिरून घ्या, असं मी सांगेन. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. १५० मिलिमीटर रुंदीची सागवानाची फळी ८ टक्क्यांवरून १६ टक्के ओलीवर गेली तर सुमारे दोन मिलिमीटर फुगते. ओकमध्ये हाच आकडा चारच्या आसपास जातो. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या तर हे दोन-दोन मिलिमीटर साठत जातात आणि शेवटी एखादी फळी पोटाला पुढे येते. अरुंद फळी, मध्ये तीन-चार मिलिमीटरची उघडी फट, हा माझा नेहमीचा हिशोब. टंग-ग्रूव्ह सांधा, म्हणजे एका फळीची जीभ दुसरीच्या खोबणीत बसवणं, टाळा. त्याच्या खोबणीत पाणी थांबतं आणि तिथे तुमचा ब्रशही पोचत नाही.

आता भिंत. लाकडामागची भिंत अशी करा, जणू तिच्यावर लाकूड लागणारच नाही. सिमेंट बोर्ड किंवा सिमेंटचा पक्का गिलावा, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, कोपऱ्यात आणि भिंत-जमिनीच्या सांध्यात कापडी पट्टी, उंची शॉवरच्या तोंडाच्या वरपर्यंत. जमिनीवर २४ तास पाणी साठवून गळती तपासा आणि मगच पुढे जा. पाणी अडवण्याची सगळी जबाबदारी या थराची. फळ्या या थरापुढे उभा केलेला पडदा आहेत. त्यांच्या फटीतून मागे गेलेलं पाणी भिंतीवरून ओघळून खाली जाळीत गेलं पाहिजे. सुताराच्या बेतात चूक असेल तर ती इथेच असेल. फळी थेट भिंतीला चिकटवून वरून वॉर्निश मारायचं, असं त्याच्या मनात असेल तर त्याला थांबवा.

फळी आणि भिंतीत १५ ते २० मिलिमीटरची मोकळी जागा हवी, वर आणि खाली उघडी. ही जागा पट्ट्यांनी मिळते. पट्ट्या लाकडाच्या करू नका, पीव्हीसी किंवा एचडीपीई प्लास्टिकच्या घ्या, कारण सगळ्यात जास्त ओल त्यांच्याच वाट्याला येते. फळ्या आडव्या असतील तर पट्ट्या उभ्या येतात आणि पाणी सरळ उतरतं. फळ्या उभ्या हव्या असतील तर पट्ट्या आडव्या येतात आणि प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर पाणी साठतं. मग आधी उभ्या आणि त्यावर आडव्या असे पट्ट्यांचे दोन थर द्यावे लागतात. जागा कमी असेल तर फळ्या आडव्याच लावा. पट्टीचा स्क्रू वॉटरप्रूफिंगमधून जातो तिथे आधी भोकात सीलंट भरा, मग स्क्रू आवळा. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू सागवानात काळा ओघळ काढतोच.

प्रत्येक पट्टीवर फळीला एकच स्क्रू, फळीच्या मध्यावर, म्हणजे तिला दोन्ही कडांकडे फुगायला मोकळीक राहते. स्क्रूची डोकी लाकडात बुडवून बुजवू नका. वॉशरसकट उघडी दिसू द्या. यामागे दिसण्याचा विचार नाही, फळी काढता आली पाहिजे म्हणून हे सांगतोय. त्याहून चांगलं म्हणजे पाच-सहा फळ्यांचा एक तयार भाग करून तो आकड्यांवर अडकवायचा, एका माणसाला उचलता येईल एवढाच. नळाचं कनेक्शन गळलं, मागे साबणाचा गाळ साठला, एखादी फळी बिघडली, तर दहा मिनिटांत सगळं उघडतं.

सगळ्यात खालची फळी जमिनीपासून किमान २५ मिलिमीटर वर ठेवा आणि तिची खालची कड मागच्या बाजूला तिरकी कापा, म्हणजे थेंब पुढच्या धारेवरून सुटून पडतो, कडेखाली चिकटून राहत नाही. फळ्यांची टोकं, जिथे तंतू कापलेले दिसतात, ती पाणी नळीसारखी शोषतात. तिथे पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. खिळ्यांची भोकं भरणं सोडलं तर मी भिंतीवर इपॉक्सी सांगतो ते एवढ्याच ठिकाणी.

बाकी पृष्ठभागासाठी वॉर्निश की तेल? शॉवरच्या आत मी तेलाच्या बाजूनं आहे. वॉर्निश किंवा पॉलियुरेथेनचा थर सुरुवातीला काचेसारखा दिसतो. पण आत लाकूड हलत राहतं आणि थराला तेवढं ताणता येत नाही. जुन्या लाकडात भेगा, गाठी, भरलेली भोकं असतात, तिथे केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाणी थेंबाच्या रूपात आत जातं, बाहेर मात्र वाफेच्या रूपातच पडू शकतं, तेही थराच्या आडून. काही महिन्यांत तिथे पांढरट फोड दिसतो, मग पापुद्रा सुटतो. दुरुस्ती करायची तर अख्खी फळी घासावी लागते. तेल मारलेली फळी मळली तर धुवून, हलकी घासून, तासाभरात पुन्हा तेल लावता येतं. टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं) किंवा हार्डवॅक्स तेल (मेण मिसळलेलं) घ्या. कच्चं जवसाचं तेल नको, बुरशीला ते खाद्य होतं आणि वाळायला फार वेळ लागतो. सागवानाच्या अंगच्या तेलामुळे वरचं तेल नीट धरत नाही, म्हणून लावण्याआधी फळी ॲसिटोननं पुसून लगेच पहिला हात द्या. हात पुढून मागून सारखेच द्यायचे. मागची बाजू कोरी ठेवली तर ती जास्त ओल घेते आणि फळी पन्हळीसारखी वाकते.

एक धोक्याची गोष्ट, हिच्याकडे दुर्लक्ष करू नका. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकते. हवेशी संयोग होऊन वाळताना तेलातून उष्णता निघते आणि गोळ्यात ती कोंडते. चिंध्या मोकळ्या पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

इथपर्यंतचं थोडक्यात: भिंत स्वतः पूर्ण जलरोधक, मग हवेची जागा, मग तासलेल्या अरुंद फळ्या फटी ठेवून आणि काढता येतील अशा, त्यावर तेल.

आता तुमच्या घरावर काय अवलंबून आहे ते. सकाळी एकामागोमाग पाच जण आंघोळ करत असतील तर मधल्या वेळात फळी वाळतच नाही. एक-दोघंच वापरत असतील तर दिवसभर मिळतो. बाहेर उघडणारी खिडकी आहे का? नसेल तर एक्झॉस्ट पंखा हवाच. लहान बाथरूमसाठी ताशी ८५ घनमीटर, म्हणजे ५० सीएफएम, ही प्रचलित किमान क्षमता आहे, आणि आंघोळीनंतर तो अर्धा तास तरी चालू राहिला पाहिजे. दाराखाली फट नसेल तर पंखा नुसता फिरतो, कारण आत यायला हवाच नसते. तुमचं पाणी जड असेल तर गडद लाकडावर पांढरे डाग दिसत राहतील. ते काढायला टाइलसाठीचा आम्लाचा क्लीनर वापरला की तेल निघतं आणि लाकूड फिकट पडतं. ब्लीचनंही तंतू खराब होतात. सौम्य साबण, मऊ ब्रश, रेषेच्या दिशेनं, एवढंच. आणि घरात कोणी सहा महिन्यांनी पुन्हा तेल लावणार आहे का? याचं उत्तर मनापासून "नाही" असेल तर लाकडासारख्या दिसणाऱ्या पोर्सिलीन टाइल लावा, आणि या फळ्यांची आरशाची चौकट, कपाटाची दारं, बेसिनखालचा कट्टा करा. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट चांगलं लाकूड फुकट जाणार नाही.

तिन्ही भिंतींचा हट्ट मात्र सोडा असंच मी म्हणेन. नळ आणि शॉवर ज्या भिंतीवर आहेत तिला टाइल किंवा दगड लावा. तिथे पाईपसाठी भोकं पडतात, प्रत्येक भोक म्हणजे कापलेले तंतू आणि गळतीची जागा. शिवाय खांद्याच्या उंचीवर हात, साबण, बाटल्या सतत लागतात. शॉवरच्या अगदी समोरच्या भिंतीवर फवारा आदळतो, तिथेही टाइलच बरी. राहते ती बाजूची लांब भिंत. तिच्यावर शिंतोडे येतात, धार येत नाही, आणि दारातून आत शिरताना नजर तिच्यावरच जाते. सगळं सागवान तिथे लावा. उरलेल्या फळ्यांतून पायाखालची जाळीदार पाटी करता येईल. ती रोज उचलून भिंतीला टेकवून वाळवता येते, म्हणजे तिला भिंतीवरच्या फळीपेक्षाही सोपं जातं.

काम सुरू करण्याआधी फळ्या त्याच घरात, मध्ये पट्ट्या घालून रचून, दोन-तीन आठवडे ठेवा आणि ओल मोजण्याचं पिनवालं मीटर आणून बघा. १२ टक्क्यांच्या आसपास स्थिर आकडा येऊ लागला की बसवायला घ्या. तुळयांमधून चिरलेल्या फळ्यांचा पृष्ठभाग कोरडा आणि आतला भाग ओला असं होऊ शकतं, म्हणून एका फाजील तुकड्याला मधोमध कापून ताज्या कापावर पिना टोचा.

बसवल्यानंतर पहिल्या वर्षात दर दोन महिन्यांनी खालचा भाग उतरवून मागे बघा. पाठ कोरडी असेल, स्क्रूभोवती काळी कडी नसेल आणि मीटर १८ च्या खाली दाखवत असेल तर तपासणी सहा महिन्यांवर न्या. पुढच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा उभा राहिला तर तेल शाबूत आहे, पसरून लाकूड गडद झालं तर त्याच आठवड्यात एक हात द्या. मागे मीटर २० च्या वर जात असेल तर तेलाचे हात वाढवून उपयोग होणार नाही. आधी खालची फट साबणाच्या गाळानं बुजली आहे का आणि पंखा खरोखर हवा ओढतो का, ते बघा. पंख्याच्या जाळीला कागदाचा तुकडा लावून सोडा, तो चिकटून राहिला पाहिजे.